वाटीतलं उरलेलं तेल

दांडिया बाजाराच्या मागच्या आखाड्यात
वडील खांदे बसवत.
निखळलेले, लचकलेले, पडून महिना झालेले,
आणि काही नुसतेच दमलेले, ज्यांना काहीच झालेलं नसे.
पाटी नव्हती. फी नव्हती.
तेल ज्याचं त्यानं आणायचं,
आणि एकदा वाटीत ओतलेलं तेल
बाटलीत माघारी न्यायचं नाही. एवढाच नियम.

आधी ते तळहात एकमेकांवर घासत.
मग जिथं दुखत नाही तिथं हात ठेवत.
जशुबेन चिडायच्या, "अहीं नहीं, अहीं दुखे छे!"
वडील म्हणत, "ठाऊक आहे. तो खांदा रडतोय.
रडणाऱ्याला काय विचारायचं?
शेजाऱ्याला विचारतो."
आणि लीलो चिवड्याचा भाव, जावयाची बदली,
असं काहीबाही बोलता बोलता
कट्.

मराठी माणूस म्हणे हुश्श.
गुजराती म्हणे हाश.
मी कोपऱ्यात पाढे लिहिताना
मान वर न करता ओळखायची, कोण उठलं.

आता मी रावपुऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर,
नसांचा वेग मोजते.
मनगटाशी झटका, कोपराशी झटका,
मधलं अंतर टेपनं,
पडद्यावर एक टेकडी उठते:
सेकंदाला पंचावन्न मीटर.
हात गार असला की नस आळसावते,
आकडा खोटा येतो.
म्हणून पेशंटचा हात आधी ऊन करून घ्यायचा,
असं मशीनसोबतच्या पुस्तकात पान अकरावर लिहिलंय.
वाचून मी एकटीच हसले होते.

"नॉर्मल" लिहून दिलं तरी काही जण उठत नाहीत.
रिपोर्ट हातात धरून म्हणतात,
"पण बेन, दुखे तो छे."
त्यांना कसं सांगू,
माझ्या मशीनला फक्त पळणाऱ्या नसा दिसतात.

कातडीत आणखी एक तार असते, बारीक, बिनघाईची,
सेकंदाला जेमतेम मीटरभर चालणारी.
धपाटा तिला कळत नाही. झटका तिच्या गावी नसतो.
ऊबदार हात सावकाश सरकला,
सेकंदाला दोन-तीन बोटं, एवढाच,
तर ती मान वर करते
आणि आत कुठंतरी निरोप देते: कुणीतरी आहे.
पाठीत असते, दंडात असते.
तळहातात जवळजवळ नसतेच.

म्हणजे देणाऱ्या हाताला
हे कधी कळलंच नसणार.
त्या रात्री मी पुढचं पान उलटलं नाही.

फाल्गुनात वडिलांची डावी बाजू गेली.
रोज व्यायामाला फिजिओथेरपीचा मुलगा येतो, चांगला आहे, मोजून करवतो.
संध्याकाळी मी बसते तिळाची वाटी घेऊन.
डाव्या दंडावरून मनगटाकडे,
मनात एक, दोन, एक, दोन,
सेंटिमीटर चुकू नये म्हणून डोळे त्यांच्या कातडीवर.
ते छताकडे बघत राहतात.
बोलणं अजून अर्धंच फुटतं.
काल म्हणाले, "मोज...तेयस."
मी म्हटलं, "हो."
"नको."

मोजणं सोडलं तर हात कुठं ठेवायचा तेच कळेना.
मग त्यांच्या उजव्या खांद्याशी गेले,
धडधाकट, काही न झालेल्या,
आणि तिथंच थांबले बराच वेळ.
खाली फुगेवाला पिपाणी वाजवत गेला.
डावा हात उचलला गेला नाही.
हलला असंही म्हणणार नाही मी,
तशा गोष्टी लिहायची मला सवय नाही.
पण दंडावरची लव उभी राहिली होती.
रिपोर्टात त्याला रकाना नसतो.

वाटीत थोडं तेल उरलं.
उचलायला गेले तर त्यांनी उजव्या हातानं वाटी धरली,
दोन बोटं बुडवली,
माझं मनगट ओढून घेतलं
आणि कोपराकडे निघाले,
इतके सावकाश

की माझ्या तोंडून जे निघालं
ते हुश्श नव्हतं.
ते हसले, अर्ध्या तोंडानं.
"गुजरातण," म्हणाले.